अंग आंबते म्हणजे नेमके काय होते: कार्नोसिन, आम्लता आणि ८०० मीटरची तयारी

'अंग आंबले' असे आपण सहज म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदाच दोनशे बैठका मारलेला मुलगा दुसऱ्या दिवशी जिन्याचा कठडा धरून उतरताना हेच म्हणतो, आणि भरतीच्या मैदानावर शेवटच्या शंभर मीटरमध्ये मांड्या पेटलेली मुलगी धापा टाकत खाली बसली की तीही हेच म्हणते. शब्द एकच असला तरी ही दुखणी दोन आहेत. गंमत अशी की जिन्यावरच्या मुलाच्या दुखण्याचा आंबण्याशी, म्हणजे आम्लतेशी, जवळजवळ काहीच संबंध नाही, तर मैदानावरच्या मुलीच्या मांड्यांत खरोखरच आंबण्याची क्रिया चाललेली असते. कार्नोसिन नावाचा स्नायूंतील पदार्थ उपयोगी पडतो तो फक्त या दुसऱ्या बाबतीत. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळ मुले पैसे, श्रम आणि सरावाचे दिवस वाया घालवतात. पोलीस भरतीत महिलांना ८०० मीटर आणि पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते. ही दोन्ही अंतरे स्नायूंतील आम्लतेची कसोटी पाहणारी असल्याने पुढील मार्गदर्शन त्यांना समोर ठेवून केले आहे. कबड्डी, खो-खो किंवा कुस्ती खेळणाऱ्यांनाही त्यातील बराचसा भाग लागू पडेल.

आधी दुखणे ओळखावे

ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे वेळ. जोरात पळायला लागल्यापासून अर्ध्या-पाऊण मिनिटात जळजळ सुरू होत असेल, दोन्ही पायांत सारखीच वाढत असेल आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरत असेल, तर ते आम्लतेचे आणि तिच्या सोबतीने साचणाऱ्या इतर पदार्थांचे काम समजावे. धावताना फारसे काही जाणवले नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना मांड्या आखडल्या, हात लावला तरी दुखू लागल्या, चढण्यापेक्षा उतरणे जड जाऊ लागले आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त झाले, तर ती स्नायूतंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि तिच्यावर शरीराने सुरू केलेली दुरुस्ती असते. एकाच जागी, एकाच क्षणी, चाबूक बसल्यासारखी कळ आली तर मात्र स्नायू ताणला किंवा फाटला असण्याची शक्यता असते आणि तेथे सराव थांबवण्याखेरीज दुसरा सल्ला नाही. पोटरीत गोळा येणे हा आणखी वेगळा प्रकार असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

'लॅक्टिक अ‍ॅसिड साचले आहे, दोन दिवसांत जाईल' हे वाक्य मैदानावर रोज ऐकू येते. ते चुकीचे आहे. जोरदार धावण्यानंतर रक्तातील लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिड शरीरात याच रूपात असते) साधारण तासाभरात विश्रांतीच्या पातळीवर उतरते, मग ते दुसऱ्या दिवशी दुखवणार कसे? १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना ट्रेडमिलच्या (धावण्याच्या यंत्राच्या) सपाट पट्ट्यावर आणि काहींना उतारावर पळवण्यात आले. सपाटीवर पळणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले, पण त्यांचे पाय नंतर दुखले नाहीत. उतारावर पळणाऱ्यांचे लॅक्टेट फारसे वाढले नाही, मात्र दोन दिवस ठणका त्यांनाच लागला. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, बैठकीत खाली जाताना लावतो तसा, आणि इजा होते ती त्याच वेळी.

आम्ल येते कुठून

आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल प्रथम वेगळे काढले ते कार्ल विल्हेल्म शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने, १७८० साली. पुढे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना ते प्राण्यांच्या स्नायूंतही सापडले, आणि १९०७ मध्ये फ्लेचर व हॉपकिन्स या शास्त्रज्ञांनी बेडकाचे स्नायू थकवून त्यात ते वाढते हे दाखवले. तेव्हापासून थकव्याचा सगळा दोष या एकाच पदार्थाच्या माथी मारला गेला. आज चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. स्नायूला जोर लावण्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूच्या विघटनातून मिळते. हे विघटन फार वेगाने होऊ लागले आणि प्राणवायूवर चालणारी यंत्रणा मागे पडू लागली, की साखर झटपट मोडून एटीपी तयार केले जाते. या सगळ्या धावपळीत हायड्रोजनचे आयन मोकळे होतात, आणि आम्लता म्हणजे त्यांचीच गर्दी. लॅक्टेट त्याच वेळी तयार होत असल्यामुळे तेच गुन्हेगार वाटते. प्रत्यक्षात हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात आणि यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवते.

विश्रांतीत स्नायूतील पीएच सुमारे ७.१ असतो, पूर्ण दमछाक होईपर्यंत पळाल्यावर तो ६.५ पर्यंत किंवा थोडा आणखी खाली येऊ शकतो. आकडा लहान दिसतो, पण पीएचची मोजपट्टी अशी आहे की एवढ्या घसरणीत हायड्रोजन आयनांची संख्या जवळपास चौपट झालेली असते. त्यामुळे ऊर्जा तयार करणाऱ्या विकरांचे काम मंदावते आणि आकुंचनाचा इशारा देणाऱ्या कॅल्शियमला स्नायूतील प्रथिनांशी नीट जोडले जाता येत नाही. मात्र थकव्याचे एकमेव कारण म्हणून आम्लतेकडे बोट दाखवू नये. प्रयोगशाळेत सुटे स्नायूतंतू शरीराच्या तापमानाच्या जवळ ठेवून तपासले, तेव्हा आम्लतेचा परिणाम थंड तापमानातील जुन्या प्रयोगांपेक्षा बराच सौम्य निघाला. साचणारे फॉस्फेट आणि तंतूबाहेर जाणारे पोटॅशियम हेही भागीदार आहेत.

जळजळीबाबतही असेच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या स्नायूत आम्ल, लॅक्टेट आणि एटीपी हे तीन पदार्थ सुईने सोडण्यात आले. एकेकटे सोडल्यावर काहीच जाणवले नाही. तिन्ही एकत्र सोडले, तेव्हा प्रमाण मध्यम असताना स्नायू थकल्यासारखा, भरून आल्यासारखा वाटला आणि प्रमाण वाढवल्यावर दुखू लागला. अंगठा जागचा हललाही नव्हता, तरी तो दमला होता! मॅकआर्डल आजार असलेल्या लोकांच्या स्नायूंना साठवलेली साखर मोडता येत नाही, त्यामुळे व्यायाम करताना त्यांचे लॅक्टेट वाढत नाही. तरीही त्यांना व्यायामात तीव्र वेदना होतात. तेव्हा आम्लता हा वेदनेचा एक घटक आहे, सबंध वेदना नव्हे, एवढे धरून पुढे जावे.

कार्नोसिन: स्नायूतला टीपकागद

१९०० साली व्लादिमीर गुलेविच या रशियन शास्त्रज्ञांना मांसाच्या अर्कात हा पदार्थ सापडला, आणि मांसासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले. बीटा-अ‍ॅलानिन आणि हिस्टिडीन अशी दोन अमिनो आम्ले जोडून तो बनतो. त्यातील हिस्टिडीनच्या बाजूची कडी हायड्रोजन आयन पकडते आणि सोडते. महत्त्वाचे म्हणजे ही देवघेव ६.८ च्या आसपासच्या पीएचला सर्वांत चांगली चालते, म्हणजे नेमकी त्याच पट्ट्यात, जिथे पळणाऱ्याच्या मांडीचा पीएच घसरत असतो. सांडलेली शाई टीपकागदाने टिपावी तसे कार्नोसिन मोकळे आयन टिपते. शाई बाटलीतून सांडायची थांबत नाही. ती वहीभर पसरायला वेळ लागतो, इतकेच.

१९५३ मध्ये सेव्हेरिन या सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या प्रयोगात बेडकाचा थकलेला स्नायू ज्या द्रावात ठेवला होता त्यात कार्नोसिन मिसळले, तेव्हा तो पुन्हा काम करू लागला. जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंत ते संथ तंतूंपेक्षा जास्त असते, पुरुषांत स्त्रियांपेक्षा सरासरीने जास्त असते आणि शाकाहारी लोकांत मांसाहारी लोकांपेक्षा कमी आढळते. शर्यतीच्या घोड्याच्या स्नायूत ते माणसाच्या कित्येक पट असते, आणि दीर्घकाळ श्वास रोखून बुडी मारणाऱ्या व्हेलच्या स्नायूंत त्याचेच भावंड शोभेल असा पदार्थ मुबलक सापडतो. निसर्गाने जिथे जोर जास्त आणि प्राणवायू कमी, तिथे टीपकागद भरपूर ठेवला आहे. मात्र माणसाच्या स्नायूत आम्ल टिपणाऱ्या एकूण पदार्थांत कार्नोसिनचा वाटा लहानच आहे. फॉस्फेट, प्रथिने आणि बायकार्बोनेट मोठे काम करतात. कार्नोसिनने कायापालट होईल असे सांगणाऱ्या जाहिराती वाचताना हे विसरू नये.

ते वाढवावे का, आणि कसे

कोल्हापूरकडे पैलवानाला मटणाचा अळणी रस्सा पाजण्याची पद्धत आहे. कार्नोसिन पाण्यात विरघळते, त्यामुळे मांस शिजवताना ते रश्श्यात उतरते, आणि गुलेविच यांनी ज्या अर्कातून ते काढले तोही एका अर्थी आटवलेला रस्साच होता. ही सांगड मला फार आवडते, पण हिशेब पाहिला की उत्साह ओसरतो. १०० ग्रॅम मटणात कार्नोसिन साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आत-बाहेर असते. त्यातच माणसाच्या रक्तात कार्नोसिनेज नावाचे विकर असते आणि खाल्लेल्या कार्नोसिनचे ते लगेच तुकडे करते. स्नायू मग त्या तुकड्यांतून स्वतःपुरते कार्नोसिन पुन्हा जुळवतात. हिस्टिडीन सहसा पुरेसे असते, तुटवडा असतो तो बीटा-अ‍ॅलानिनचा. म्हणून कार्नोसिनच्या गोळ्या विकत घेणे हा जवळजवळ वाया जाणारा खर्च आहे, आणि जे काही घ्यायचे ते बीटा-अ‍ॅलानिनच घ्यावे. शाकाहारी मुलामुलींनी यासाठी मांसाहार सुरू करण्याचे कारण नाही, कारण थोडे बीटा-अ‍ॅलानिन यकृत स्वतःच तयार करते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीटा-अ‍ॅलानिन घेणाऱ्या पुरुषांच्या मांडीतील कार्नोसिन ४ आठवड्यांत सुमारे ६० टक्के आणि १० आठवड्यांत सुमारे ८० टक्के वाढले. त्यामुळे घेण्याची रीत अशी: दिवसाला ३.२ ते ६.४ ग्रॅम, एकदम न घेता ०.८ ते १.६ ग्रॅमच्या मात्रांत विभागून, जेवणासोबत, किमान ४ आठवडे आणि शक्यतो ८ ते १० आठवडे. पळण्याच्या आधी अर्धा तास घेतल्याने त्या दिवशी काहीही होत नाही. मैदानी चाचणीची तारीख हाती आल्यावर दुकानात धावणाऱ्यांना हे पटवणे कठीण जाते, पण टीपकागद एका रात्रीत भरत नाही. उलट बाजूही आहे: घेणे बंद केल्यावर तो कित्येक आठवडे हळूहळू कमी होत राहतो, त्यामुळे मधले दोन-तीन दिवस चुकले तरी चिंता करू नये.

मोठी मात्रा एकदम घेतली तर पंधरा-वीस मिनिटांत चेहरा, कानाची पाळी आणि हाताच्या पाठीवर मुंग्या येतात, जणू अंगावर खाजकुयलीची बारीक पूड पडली असावी. त्वचेतील विशिष्ट मज्जातंतू बीटा-अ‍ॅलानिनमुळे चेतवले जाणे हे त्याचे कारण आहे. साधारण तासा-दीड तासात मुंग्या जातात आणि इजा होत नाही. मात्रा लहान केली की त्या येतही नाहीत. 'मुंग्या आल्या म्हणजे पावडर अस्सल' असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की मुंग्या त्वचेत येतात, फायदा स्नायूत व्हायचा असतो, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही.

फायदा किती? साधारण १ ते ४ मिनिटे चालणाऱ्या जोरदार परिश्रमात तो सर्वांत स्पष्ट दिसतो, थकून पडेपर्यंतच्या चाचण्यांत सरासरी दोन-तीन टक्के. ठरलेले अंतर पळण्याच्या वेळेत तो याहूनही कमी उतरतो. १०० मीटर आणि गोळाफेक इतक्या लवकर संपतात की आम्लता साचायला वेळच मिळत नाही. ८०० मीटर या १ ते ४ मिनिटांच्या टप्प्यात मधोमध बसते, १६०० मीटर त्याच्या थोडे बाहेर. माझे मत स्पष्ट सांगायचे तर, ज्याचा सराव नियमित आहे, झोप पुरेशी आहे, जेवण पोटभर आहे आणि तरीही दोन सेकंद कमी पडत आहेत, त्याने बीटा-अ‍ॅलानिनचा विचार करावा. इतरांनी ते पैसे दूध, अंडी, डाळ आणि चांगल्या बुटांवर घालवावेत. हा पदार्थ जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही, तरी 'प्री-वर्कआउट' नावाच्या मिश्र पावडरींत कॅफीन आणि इतर बरेच काही असते. म्हणून एकच घटक असलेले, डब्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक छापलेले उत्पादन घ्यावे. गरोदर स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले आणि कोणतेही औषध नियमित घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आम्लता मारण्यासाठी खाण्याचा सोडा पिण्याची युक्तीही चालते, आणि तिला शास्त्रीय आधार आहे. सोडा रक्तात राहून स्नायूतील आम्ल बाहेर ओढतो. पण प्रयोगांत वापरलेली मात्रा वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८ ग्रॅम असते आणि तेवढ्यात जवळपास ५ ग्रॅम सोडियम जाते. पोटात मुरडा आणि जुलाब हा त्याचा नेहमीचा प्रसाद. भरतीच्या सकाळी, रांगेत तीन तास उभे राहायचे असताना, हा प्रयोग करू नये.

मैदानावर: आम्लतेला उशीर कसा करावा

आमच्या मैदानावर एक मुलगी ८०० मीटर २ मिनिटे ४९ सेकंदांत पळत होती. तिच्या प्रत्येक २०० मीटरची वेळ वहीत मांडली, तेव्हा ३३, ४०, ४७, ४९ असे आकडे आले. शिट्टी वाजताच ती सर्वांच्या पुढे असे आणि तिसऱ्या टप्प्यात तिचे पाय भरून येत. तिला ताकदीचे काही शिकवले नाही. पहिले २०० मीटर ३८ सेकंदांच्या आत पळायचे नाही, एवढीच अट घातली. तिसऱ्या आठवड्यात आकडे ३८, ४०, ४१, ४० असे आले, म्हणजे २ मिनिटे ३९ सेकंद. तिच्या स्नायूतला टीपकागद तीन आठवड्यांत फारसा वाढला नसणार. सुरुवातीलाच अर्धी बाटली सांडायची मात्र ती थांबली.

म्हणून पहिले काम घड्याळाचे. लक्ष्यवेळेला चाराने भागावे, पहिला टप्पा त्या सरासरीपेक्षा फार तर एक सेकंद जलद ठेवावा आणि तो वेग पायांना पाठ होईपर्यंत नुसते २०० मीटर पळून घ्यावेत. दुसरे काम टप्प्याटप्प्याने धावण्याचे: आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून, लक्ष्यवेगाने २०० मीटर सहा ते आठ वेळा, दोहोंमध्ये दीड-दोन मिनिटे चालणे. तीन-चार आठवड्यांनी ३०० मीटर चार-पाच वेळा, मध्ये तीन मिनिटे. अशा सरावाने स्नायूची आम्ल सोसण्याची आणि बाहेर ढकलण्याची क्षमता वाढते, शिवाय ती फुकट वाढते. उरलेल्या दिवसांत बोलता येईल इतक्या संथ वेगाने तीस-चाळीस मिनिटे पळावे. हे कंटाळवाणे पळणे मुले हमखास टाळतात, पण प्राणवायूवर चालणारी यंत्रणा त्यानेच सुधारते आणि आम्ल मुळात कमी तयार होते.

पळणे संपताच खाली बसू नये. आठ-दहा मिनिटे सावकाश चालत-पळत राहिल्यास हलके काम करणारे स्नायू लॅक्टेट जाळतात आणि पुढचा टप्पा त्याच दिवशी असल्यास त्याचा उपयोग होतो. दुसऱ्या दिवशीचा ठणका मात्र यामुळे टळत नाही.

ठणक्यासाठी काय करावे

ठणक्यावर सर्वांत प्रभावी उपाय तालमीतल्या वस्तादांना पूर्वीपासून ठाऊक आहे: तोच व्यायाम, थोड्या प्रमाणात, आधीच करून ठेवणे. एकदा उतारावर पळून किंवा बैठका मारून पाय दुखले की पुढचे काही आठवडे तेवढ्याच श्रमाने ते पूर्वीइतके दुखत नाहीत. म्हणून बैठका पहिल्या दिवशी तीस, दोन दिवसांनी चाळीस, अशा चढवाव्यात. टेकडी आधी चढावी आणि उताराचे धावणे हळूहळू वाढवावे. पाय दुखत असताना हलके चालणे, सायकल, पुरेशी झोप आणि प्रथिनयुक्त जेवण पुरते. मालिशने आराम पडतो, जरूर करावी, फक्त ती लॅक्टिक अ‍ॅसिड 'मोडते' म्हणून नव्हे. लिंबू-सरबताने तहान भागते, तेवढेच. वेदनाशामक गोळी घेऊन उन्हात, पाणी कमी प्यालेले असताना पळणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकते, तेव्हा ठणका दाबून सराव पुढे रेटू नये.

फार दिवसांच्या खंडानंतर एकाच दिवसात शेकडो बैठका मारल्या, मांड्या सुजून टणक झाल्या, पाय वाकवता येईना आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला, तर घरी पाणी पीत वाट पाहू नये. फुटलेल्या स्नायूतंतूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण असते, आणि त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, रुग्णालय गाठून रक्त-लघवीची तपासणी करून घ्यावी.